फोनची एकादशी

एका वैद्यराजांकडे एकदा एक शिष्य राहायला आला. त्याच्या पिशवीत कपड्यांचे चार जोड होते, आईने दिलेला बेसनलाडवांचा डबा होता, नाडीपरीक्षेवरची दोन जाड पुस्तके होती आणि तीन चार्जर होते. लाडू आठवड्यात संपले. पुस्तके वर्षभर पुरणार होती. चार्जर मात्र पहिल्याच संध्याकाळी कामाला लागले. एक उशाशी, एक औषधशाळेत, आणि तिसरा, कोणाला न विचारता, देवघराशेजारच्या प्लगमध्ये.

शिष्याचे नाव सर्वेश. आयुर्वेदाची पदवी त्याच्या पदरात पडली होती, पण नाडी काही बोटांना सापडत नव्हती, म्हणून तो सह्याद्रीच्या पायथ्याच्या त्या लहानशा गावात शिकायला आला होता. वैद्यराजांचे वय अठ्ठ्याहत्तर, बोलणे मोजके. रोग्याच्या मनगटावर तीन बोटे ठेवली की त्याने काल काय खाल्ले इथपर्यंत ते सांगतात, असा त्यांचा लौकिक होता. या लौकिकातला निम्मा भाग शुद्ध विद्येचा असावा. उरलेल्या निम्म्यासाठी काकू, म्हणजे वैद्यराजांच्या पत्नी, कारणीभूत होत्या, कारण काल गावात कोणाकडे जेवणावळ होती हे त्यांना नेहमीच ठाऊक असे.

आता त्या तीन चार्जरांविषयी. सर्वेशची बायको केतकी बाळंतपणासाठी लातूरला माहेरी गेली होती, आणि लातूर वैद्यराजांच्या गावाहून दहा तासांच्या वाटेवर. निघताना ती एवढेच म्हणाली होती, "कळा सुरू झाल्या की मी तुला फोन करीन. तू फक्त उचल. बाकी काही नको." इतके साधे वचन. सर्वेशने ते दिले आणि त्या क्षणापासून त्याच्या मनात एकच धास्ती घर करून बसली. नेमका त्या वेळी फोन बंद असला तर? ही धास्ती हसण्यासारखी नाही. ज्याचे माणूस दूर आहे त्याला ती असतेच. हसण्यासारखे आहे ते त्याने त्यापुढे केले ते.

त्याने फोनला कधी भूक म्हणून लागू दिली नाही. आकडा शंभरावरून सत्त्याण्णववर आला की गडी कासावीस होई आणि हातातले खल-बत्त्याचे काम टाकून प्लगकडे धावे. औषधशाळेतला प्लग काढ्याच्या भट्टीच्या वर होता, तिथल्या फळीवर फोन दिवसभर वाफ खात पडलेला असे. झोपताना तो उशीखाली जाई, वर गोधडी, शेजारी वायर. सकाळी फोन इतका तापलेला असे की काकूंनी एकदा सरळ विचारले, "याला ताप येतो का रे?"

यावर कडी म्हणजे एकादशी. नात्यातल्या एका काकांनी कुटुंबाच्या ग्रुपवर सल्ला पाठवला होता की महिन्यातून दोनदा बॅटरी पूर्ण रिकामी करावी, म्हणजे तिची शुद्धी होते. दुसऱ्या कोणी हा सल्ला वाचून सोडून दिला असता. पण शुद्धी हा शब्द दिसल्यावर आयुर्वेदाचा विद्यार्थी कसा थांबणार? त्याला लंघन आठवले, पंचकर्म आठवले, आणि त्याने मुहूर्तही ठरवून टाकला. दर एकादशीला फोनला उपास. फोन आपोआप बंद पडेपर्यंत चार्जर लावायचा नाही, आणि द्वादशीला सकाळी स्नान झाल्यावर पारणे, ते थेट शंभर टक्क्यांपर्यंत. त्या दिवशी सर्वेश स्वतः साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी खाऊन उपास करी. निर्जळी काय ती फोनला.

अशाच एका एकादशीला, केतकीचा आठवा महिना सरत आला असताना, दुपारी दोनच्या सुमारास फोन यथासांग निवर्तला. द्वादशीला सकाळी पारणे झाले, आणि पडद्यावर सुटलेल्या कॉलांचे संदेश येत गेले. एकूण अकरा. सगळे केतकीचे. सर्वेशने लगेच लातूरला फोन लावला.

कळा खोट्या निघाल्या होत्या, डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले होते. केतकी ओरडली नाही. ती फक्त म्हणाली, "मला वाटलं, तुलाच काहीतरी झालं. तुझा फोन कधीच बंद नसतो ना."

"त्याला उपास होता," सर्वेश म्हणाला.

"कोणाला?"

"फोनला."

केतकी म्हणाली, "ठेवते मी," आणि तिने ठेवला. सर्वेश औषधशाळेच्या मागे जाऊन हिरड्याच्या पोत्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

त्या दिवसापासून उपास बंद झाले, पण माणूस एका टोकावरून निघाला की दुसऱ्या टोकाला जाऊनच दम घेतो. आता फोन चार्जरवरून उतरेचना. सर्वेशने तालुक्याहून पाच मीटरची वायर आणली. गोठ्यातल्या गाईला दाव्याची जेवढी मोकळीक असते तेवढीच त्याला उरली. केतकीशी व्हिडिओवर बोलतानाही त्याचे डोळे पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर असत. "तू कुठे बघतोस रे?" ती विचारी. "तुझ्याकडेच," तो म्हणे, आणि पुन्हा कोपऱ्यात बघे.

विद्येचे काय झाले म्हणता? एकदा गावचे निवृत्त हेडमास्तर पोट बिघडले म्हणून आले. वैद्यराजांनी सर्वेशला नाडी पाहायला सांगितली. त्याने तीन बोटे बरोबर जागी ठेवली, डोळे अर्धवट मिटले. "काय दिसतं?" वैद्यराजांनी विचारले.

"शहाण्णव," सर्वेश म्हणाला.

हेडमास्तर ताडकन उठून बसले. "शहाण्णव म्हणजे जास्त का हो?" वैद्यराजांनी फळीवरच्या फोनकडे पाहिले, मग शिष्याकडे पाहिले, आणि हेडमास्तरांना सुंठीची पुडी देऊन वाटेला लावले.

पुढल्या पंधरवड्यात फोनला अवकळा आली. वीज गेली की चाळीस टक्के दाखवता दाखवता तो एकदम डोळे मिटू लागला. हात लावला तर चटका बसे. मागचे झाकण एका बाजूने उचलले गेले होते. सर्वेशला वाटले, कुपोषण. तो आणखी जोमाने भरवू लागला. केतकीचे दिवस भरायला तीन आठवडे उरले होते, आणि त्याची झोप उडाली होती.

एका संध्याकाळी वैद्यराजांनी फोन मागून घेतला. तो पालथा केला, अंगठ्याने त्याची पाठ हलकेच चाचपली, रोग्याचे पोट चाचपतात तशी. "हं," म्हणाले, आणि वायरीतून काढून परत दिला. "उद्या तू काही काम करायचं नाहीस. उद्या मी तुझी सेवा करणार."

सर्वेशला भरून आले. गुरूने शिष्याची सेवा करावी, हे भाग्य कोणाच्या वाट्याला येते?

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी उप्पीट केले होते. सर्वेशने दोन घास खाल्ले, तोच वैद्यराजांनी ताटात पुन्हा डावभर वाढले. त्याने तेवढे खाल्ले, त्यांनी पुन्हा वाढले. गुरूचा आग्रह मोडायचा कसा, म्हणून तो खात राहिला. दहा वाजता रोगी येऊ लागले, तर वैद्यराज हातात लाडवांची परात घेऊन त्याच्या मागे उभे. नाडी पाहून हात मोकळा झाला की हातात लाडू. बारा वाजता पुरणपोळी, वर तुपाची धार.

"गुरुजी, पोट भरलं."

"भरलं होतं. आताच तू पाणी प्यायलास, बोललास, दोनदा वाकलास. म्हणजे थोडं खाली आलं असणार. घे अर्धी."

"गुरुजी, खरंच नको."

"तुला नको वाटतं रे. पण तू रिकामा पडलास आणि नेमका तेव्हाच कोणी अडलेला रोगी आला तर? घे."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून कपाळाला हात लावत होत्या. पन्नास वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतः उठून कोणाला पाणी दिल्याचे त्यांना आठवत नव्हते.

दोन वाजता सर्वेशला उभे राहवेना. "थोडं पडू का?" त्याने विचारले. "पड की," म्हणून वैद्यराजांनी त्याची चटई नेमकी भट्टीशेजारी अंथरली, त्याला आडवा केला, गळ्यापर्यंत घोंगडी पांघरली, वर दोन गोधड्या टाकल्या, आणि उशाशी बसून चमच्याने शिरा भरवायला सुरुवात केली. भट्टीवर दशमुळांचा काढा रटरटत होता. सर्वेशच्या कपाळावरून घाम वाहत होता. तिसऱ्या चमच्याला त्याने तोंड घट्ट मिटले आणि गोधड्यांतून कसेबसे हात बाहेर काढून जोडले.

"गुरुजी, मी मरेन!"

"छे! तुला जपण्यासाठीच तर चाललंय सगळं. आणि उद्या एकादशी आहे. उद्या पाण्याचा थेंबसुद्धा नाही, घेरी येऊन पडेपर्यंत. म्हणजे तुझी शुद्धी होईल. परवा सकाळी पुन्हा पुरणपोळी."

सर्वेशने वर पाहिले. भट्टीच्या वर, फळीवर, वाफेत, वायरीला बांधलेला त्याचा फोन पडला होता. वर आकडा होता शंभर. त्या क्षणी त्याला फोनविषयी जी कणव वाटली, ती फक्त पोट तडस लागेपर्यंत भरलेल्या माणसालाच वाटू शकते. तो गोधड्या बाजूला सारून उठला आणि त्याने आपल्या हातांनी ती वायर काढली.

वैद्यराजांनी शिऱ्याची वाटी खाली ठेवली. "मला फोनमधलं काही कळत नाही," ते म्हणाले. "पोटातलं थोडं कळतं. पोटाचे दोन भाग अन्नाला द्यावेत, एक पाण्याला, आणि चौथा मोकळा ठेवावा. उतावळ्याला वाटतं, चौथा भाग फुकट गेला. पण पचन होतं ते त्या मोकळ्या जागेमुळंच. तू याचा चौथा भाग कधी मोकळा ठेवलाच नाहीस. ठेवलास तेव्हा चारही भाग रिकामे केलेस. वर भट्टीची ऊब. मग पोट फुगणार नाही तर काय होणार? तुला वाटत होतं, तू याला जपतोयस. तू घाबरला होतास, सर्वेश, आणि तुझी भीती याला भरवत होतास. हेडमास्तरांच्या मनगटावर तुझी तीन बोटं होती, डोळे फळीवर होते. केतकीशी बोलतोस तेव्हा कुठे असतात, ते ती सांगेल."

सर्वेशने मान खाली घातली. पोटात शब्दांनाही जागा नव्हती.

"चल," वैद्यराज म्हणाले. "याला याच्या वैद्याकडे नेऊ."

फोनचे वैद्य यासीनभाई, तालुक्याच्या स्टँडसमोर त्यांचे चार फुटी दुकान. त्यांनी मागचे झाकण उघडले, आणि आत बॅटरी टम्म फुगलेल्या पुरीसारखी.

"ही आता वापरू नगा," यासीनभाई म्हणाले. "एखाद्या वक्ताला पेट घेईल. उशाखाली ठेवत हुता न्हवं?"

"कशावरून ओळखलंत?" सर्वेशने विचारले.

"सगळेच ठेवत्यात."

वैद्यराज स्टुलावर पुढे सरकून बसले आणि त्यांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. यासीनभाई हातातले काम न थांबवता उत्तरे देत होते. रोज ऐंशीच्या आसपास चार्जर काढा. विसाच्या खाली जायच्या आत लावा. ऊन नको, भट्टी नको, उशी नको. पूर्ण रिकामी करायची ती जुन्या जातीच्या बॅटऱ्यांची गोष्ट, ह्या बॅटरीला ते सोसत नाही. लांबच्या प्रवासाला निघताना शंभर भरा की, एखाद्या दिवसानं काय होत नाही, रोज नको.

"आणि पथ्य पाळलं तर ही बॅटरी बरी होईल?"

"न्हाई, काका. ही गेली. नवी घाला, ती चार दिवस जास्त टिकंल. म्हातारी तर ती बी हुणारच कधीतरी."

वैद्यराजांचा चेहरा उजळला. "मात्रा, पथ्य, आणि खोटं आश्वासन नाही," ते सर्वेशला म्हणाले. "हा माणूस आपल्यातला आहे."

फक्त एक अडचण होती. त्या फोनची बॅटरी शहरातून मागवावी लागणार होती, दोन दिवस लागणार होते. सर्वेशचा चेहरा पडला. दोन दिवस फोन नाही, आणि नेमकी केतकी...

"आपल्याकडे फोन आहे की," वैद्यराज म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी बैठकीच्या कोनाड्यातले काकूंनी विणलेले क्रोशाचे झाकण उचलले. खाली टेलिफोन होता, तारेचा, करड्या रंगाचा, ठणठणीत. तीन महिने सर्वेश त्या झाकणावर आपले पाकीट ठेवत आला होता.

"तू आलास त्या दिवशी तुझ्या आईला मी ह्याच्यावरूनच कळवलं," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, तुला माहितीय."

सर्वेशने केतकीला नंबर दिला. तिने तो लिहून घेतला आणि विचारले, "हा नंबर तू तीन महिने का नाही दिलास?" "घाबरलो होतो," एवढेच तो म्हणाला. पलीकडून ती म्हणाली, "मीही," आणि मग दोघे बराच वेळ बोलत राहिले. तारेच्या फोनवर बघायला कोपरा नव्हता.

पहिल्या दिवशी सर्वेशचा हात शंभर वेळा खिशाकडे गेला. दुसऱ्या दिवशी दहा वेळा. दुसऱ्याच दिवशी हेडमास्तर पुन्हा आले, कारण सुंठीची पुडी संपली होती आणि जिभेवरचा ताबा आधीच संपला होता. सर्वेशने मनगटावर बोटे ठेवली. बोटांखाली काहीतरी हलले. त्याने श्वास रोखला. पुन्हा हलले, मधल्या बोटाखाली, उडी मारल्यासारखे.

"काय दिसतं?" वैद्यराजांनी विचारले.

"बेडूक, गुरुजी," सर्वेश कुजबुजला. "मधल्या बोटाखाली बेडूक उड्या मारतोय."

हेडमास्तर पुन्हा ताडकन उठून बसले. "पित्त हो, पित्त," वैद्यराजांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पित्ताची नाडी बेडकासारखीच उडते. तिखट कमी करा." आणि त्या दिवशी जेवताना त्यांनी काकूंना सांगून सर्वेशच्या ताटात एक जिलबी वाढायला लावली. एकच.

नवी बॅटरी आली. तिन्ही चार्जरांपैकी दोन काकूंनी वरच्या फडताळात टाकले. फोन आता पुस्तकांशेजारी, खिडकीच्या वाऱ्याला असे. सर्वेश सकाळी तो तासभर लावी आणि काढी. पहिले काही दिवस आकडा साठावर आला की त्याचा हात चार्जरकडे जाई, मग तोही जाईनासा झाला.

दोन आठवड्यांनी, सकाळी नऊ वाजता, फोन वाजला. पहिल्या रिंगलाच सर्वेशने उचलला. केतकीच होती. "सुरू झालंय," ती म्हणाली. लातूरकडे जाणारी एसटी एक वाजता होती, त्याआधी काही नव्हते. म्हणून ती दवाखान्याच्या वाटेवर असताना, मग खोलीत गेल्यावर, नर्स फोन काढून घेईपर्यंत तो तिच्याशी बोलत राहिला. काय बोलला ते त्याला पुढे आठवले नाही. मधेच त्याने तिला बेडकाची गोष्ट सांगितली आणि ती कळांमध्येही हसली, एवढे मात्र आठवले.

बाराच्या सुमारास पुन्हा फोन आला, व्हिडिओचा. पडद्यावर आधी सासूबाईंचा अंगठा दिसला, मग छत, मग दुपट्यात गुंडाळलेले एक लाल, रागावलेले तोंड. मुलगी. सर्वेश अंगणात मधोमध उभा राहून पाहत राहिला. मग फोन केतकीकडे गेला. ती दमलेली होती, केस विस्कटलेले होते, आणि ती त्याच्याकडे रोखून पाहत होती.

"आज माझ्याकडे बघतोयस," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली.

फोन ठेवून तो आत आला तेव्हा काकू पिशवीत दशम्या भरत होत्या. वैद्यराज झोपाळ्यावर बसले होते. "दहा तासांचा प्रवास," ते म्हणाले. "किती टक्के उरलेत?"

"कशाचे?" सर्वेशने विचारले. त्याला खरोखरच कळले नव्हते.

वैद्यराज स्वतः उठले, त्याच्या हातातून फोन घेतला, पुस्तकांशेजारचा चार्जर शोधला आणि थोडी खटपट करून तो लावला. एसटीला अजून तास होता.

"आज होऊ दे पोटभर," ते म्हणाले. "आज प्रवास आहे."